विश्वास कोणी कोणावर ठेवावा?

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या माणसाला सर्वांत अधिक गरज कशाची असते, असे विचारले तर कोणी पैशाचे नाव घेईल, कोणी प्रकृतीचे, कोणी चांगल्या सोबतीचे. आम्ही गेली काही वर्षे स्वतःची जीप घेऊन डोंगराळ मुलखात जात असल्यामुळे आमचे उत्तर थोडे निराळे आहे. आपल्या गावी, गॅरेजच्या काळ्या पडलेल्या फरशीवर उकिडवा बसून आपल्या गाडीखाली डोकावणारा एक भरवशाचा मिस्त्री असावा लागतो. तो आपल्याबरोबर प्रवासाला येत नाही. तरीही घाटातल्या प्रत्येक वळणावर आपण त्याच्या हातावर विसंबून असतो. त्याने आवळलेला बोल्ट आवळलेला आहे असे समजूनच आपण दरीच्या कडेने गाडी हाकतो.

मात्र 'विश्वासू मिस्त्री कसा शोधावा?' या साध्या, व्यावहारिक प्रश्नाच्या पोटात एक अवघड नैतिक प्रश्न दडलेला आहे, हे आम्हांस फार उशिरा उमगले. ज्या कामातले आपल्याला काही कळत नाही, ते काम करणाऱ्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारे? आणि तो आधार शोधताना आपल्या स्वतःच्या शब्दाची किंमत काय धरायची? हा प्रश्न आम्ही पुस्तकात वाचला नाही. तो आमच्याच चुकीतून आमच्यासमोर उभा राहिला. म्हणून ती चूक सांगूनच त्याचा विचार करणे प्रामाणिकपणाचे होईल.

प्रथम गाडीविषयी थोडेसे. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर १९४७ साली मुंबईत महिंद्र कंपनीने अमेरिकन बनावटीच्या विलीज जीपची जुळणी सुरू केली. शेताच्या बांधावरून, नदीच्या पात्रातून आणि चिखलातून जाणारी ही गाडी पुढे आपल्या देशात इतकी रुळली की 'जीप' हे एका कंपनीचे नाव आहे याचा अनेकांना विसरच पडला. २०१० साली बाजारात आलेली 'थार' ही त्याच घराण्यातली. आमच्याकडे २०१२ सालची थार आहे. पहिल्या मालकाकडून आम्ही ती २०१४ मध्ये घेतली. चारही चाकांना ताकद पुरविणारी, उंच बांध्याची आणि मागे पोलादी पाट्यांवर बसलेली. अशा गाडीचा एक दोष असा की ती चालविणाऱ्याला, आपण कोठूनही जाऊ शकतो, असा अहंकार देते.

मिस्त्री आम्हांस एकाएकी मिळाले नाहीत. आधी आम्ही एका मोठ्या, चकचकीत कार्यशाळेत जात होतो. तेथे गाडी आत गेली की दरवाजा बंद होई आणि बाहेर यायचे ते लांबलचक बिल. पुढे वसईतल्याच एका सहकारी शिक्षकाने आम्हांस मिस्त्रींकडे नेले. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना मुद्दाम लहानसे काम दिले, फॅन बेल्ट बदलण्याचे. बेल्ट त्यांनी हातात घेऊन वाकवून पाहिला आणि म्हणाले, "सर, हा अजून सहा महिने चालेल. पैसे कशाला घालवता? हा चालू द्या. नवा घ्या, पण तो गाडीत ठेवा." त्या दिवशी त्यांनी एक पैसाही घेतला नाही.

त्यानंतरच्या चार वर्षांत त्यांच्या कामाच्या काही रीती आमच्या ध्यानात आल्या. तक्रार ऐकल्यावर ते लगेच पाना उचलत नसत. आधी आम्हांस शेजारी बसवून गाडी चालवीत आणि आवाज कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये येतो ते कान देऊन ऐकत. बदललेला जुना भाग ते फडक्यात गुंडाळून आमच्या हाती देत. डिझेल पंपाचे काम निघाले की सरळ सांगत, "हे माझे काम नव्हे, पंपवाल्याकडे न्या." आपल्याला काय येत नाही हे सांगणारा कारागीर आपल्याला जे येते ते खरे करील, असे मानण्यास निदान काही आधार असतो. त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. तीत प्रत्येक गाडीची तारीख, किलोमीटर आणि केलेले काम ते स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत.

लांबच्या प्रवासाचेही त्यांचे काही नियम होते. निघण्याच्या आदल्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. काम तीन आठवडे आधी करायचे, चारपाचशे किलोमीटर गाडी फिरवायची आणि पुन्हा आणून दाखवायची. कारण नव्या कामात काही चुकले असेल तर ते पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच उघडे पडते, आणि ते घराजवळ पडलेले बरे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला की लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळू लागते आणि पायाखालचा पेडल पोकळ होतो. म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचेच. चाके काढली असतील तर शंभर किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचे. आणि एक नियम ते आम्हांस दर पावसाळ्याच्या तोंडी ऐकवीत: "सर, पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आले, की त्याच आठवड्यात गाडी मला दाखवायची."

या नियमामागचे कारणही त्यांनी एकदा समजावून दिले होते. मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा दिसतो, त्यात दातेरी चक्रे जाड ऑइलमध्ये फिरत असतात. गाडी चालली की तो गोळा तापतो आणि आतली हवा पसरते. ती बाहेर पडावी म्हणून त्याला वर एक लहानसे भोक असते. तापलेला गोळा एकदम थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या भोकातून किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. मग ऑइल आणि पाणी घुसळले जाते, त्याचा वंगणपणा जातो आणि बेअरिंग कोरडे पडून झिजू लागते. बाहेरून काहीही दिसत नाही. गाडी पूर्वीसारखीच चालते, काही दिवस.

२०१८ सालचा जुलै महिना वसईकर विसरणार नाहीत. संततधार पावसाने वसई, नालासोपारा, विरार जलमय झाले. लोकलगाड्या थांबल्या, वीज गेली, घरांत पाणी शिरले. त्या दिवसांत शेजारच्या एका वृद्ध बाईंना इस्पितळात न्यायचे होते आणि रिक्षा मिळत नव्हती. आम्ही जीप काढली. कमरेच्या खालपर्यंत पाणी होते, पण गाडी गेली. त्या फेरीबद्दल आम्हांस आजही खंत नाही. परंतु त्यानंतर आम्ही आणखी तीन फेऱ्या मारल्या. एकदा दूध आणायला, एकदा एका मित्राचे घर पाहायला आणि एकदा, खरे सांगायचे तर, केवळ लोक खिडक्यांतून पाहत होते म्हणून.

ऑगस्टच्या अखेरीस हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात जाण्याचा आमचा बेत ठरलेला होता. ठरल्याप्रमाणे महिन्याच्या प्रारंभी आम्ही गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी वही उघडली. मागच्या गोळ्याचे ऑइल मे महिन्यातच बदललेले होते. त्यांनी विचारले, "पावसात गाडी पाण्यातून काढली का, सर?" आम्ही म्हणालो, "नाही हो. रस्त्यावर असते तेवढेच पाणी."

हे वाक्य आम्ही का उच्चारले? 'हो' म्हटले असते तर गोळा उघडावा लागला असता, पुढचा अॅक्सल आणि चाकांचे बेअरिंगही पाहावे लागले असते; दोन दिवस आणि काही हजार रुपये गेले असते. त्याहीपेक्षा, चार वर्षे पढविलेला नियम आपण मोडला हे कबूल करावे लागले असते. गाडी तर उत्तम चालत होती. वर्गात मुलांना खरे बोलण्याचे महत्त्व तीस वर्षे शिकवलेल्या माणसाने असे खोटे बोलावे आणि ते खोटे आहे असे त्याला त्या क्षणी जाणवूही नये, याचे आम्हांस आज आश्चर्य वाटते. मिस्त्रींनी मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिले आणि ते पुढच्या कामाकडे वळले.

पत्नी, धाकटा मेहुणा आणि आम्ही असे तिघे निघालो. सिमला, रामपूर, किन्नौर मागे पडले. ताबोच्या अलीकडे गाडीच्या मागच्या भागातून गुणगुणल्यासारखा आवाज येऊ लागला. वेग वाढवला की आवाज वाढे. ताबोत मुक्काम केला. त्या गावातला बौद्ध मठ ९९६ साली स्थापन झालेला, भिंती मातीच्या. १९७५ सालच्या भूकंपात त्याला मोठी इजा झाली, पण तो दुरुस्त होऊन आजही नांदता आहे. मातीची भिंत हजार वर्षे टिकते ती तिच्या बळावर टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी तिची डागडुजी करीत राहते म्हणून टिकते. त्या संध्याकाळी मात्र हा विचार आमच्या मनात आला नाही. फोन लागताच आम्ही वसईला भावाला सांगितले, "मिस्त्रीने घात केला. इतके पैसे घेऊन काम नीट केले नाही. आता आम्ही येथे अडकलो."

दुसऱ्या दिवशी काझाच्या अलीकडे गाडी घरघरून थांबली. एका ट्रकवाल्याने दोर बांधून आम्हांस गावात ओढून नेले. साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवरच्या त्या गावातल्या एका तरुण मेकॅनिकने गाडीखाली पातेले ठेवले आणि गोळ्याचा प्लग उघडला. पातेल्यात पडले ते दुधाच्या चहासारखे काहीतरी. त्याने वर पाहून हिंदीत विचारले, "गाडी पाण्यात घातली होती का?"

आम्ही लगेच म्हणालो, "हो."

आमच्या मिस्त्रींना जे सांगता आले नाही ते या परक्या मुलाला सांगायला आम्हांस क्षणही लागला नाही. येथे खरे बोलण्यावाचून गाडी हलणार नव्हती. म्हणजे सत्य आम्हांस ठाऊक होते, ते सांगण्याची ताकदही होती. उणीव होती ती फक्त गरजेची. पत्नी शेजारीच उभी होती. तिने पातेल्याकडे पाहिले, मग आमच्याकडे. ती काही बोलली नाही. रिकाँग पिओहून बसने बेअरिंग येईपर्यंत तीन दिवस आम्ही काझात काढले.

परत आल्यावर कळले की, ताबोहून केलेला तो फोन आमच्या आधी गावात पोहोचला होता. भावाने तो चारचौघांत सांगितला. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात त्याची चर्चा झाली. एका चुलतभावाने आपला टेम्पो दुसऱ्या गॅरेजला नेला होता, एका शेजाऱ्याने गाडी. मिस्त्रींनी कोणाला काही विचारले नव्हते. आम्ही पंधरा दिवस त्या रस्त्याने गेलोच नाही. शेवटी एका रात्री जेवताना पत्नीने विचारले, "मिस्त्रींना कधी सांगणार आहात?"

आम्ही गेलो आणि सर्व सांगितले. त्यांनी हात पुसले. म्हणाले, "सर, मी विचारले होते ना?" इतकेच. मग थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माझीपण चूक आहे. प्लग उघडून बघायला पाच मिनिटे लागतात. तुमच्या शब्दावर गेलो."

हे शेवटचे वाक्य आम्हांस फार लागले आणि त्यानेच आम्हांस विचार करायला लावले.

जॉर्ज अॅकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, गाडीत काय दोष आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. या अज्ञानामुळे घेणारा सर्वच गाड्यांवर संशय घेतो आणि अखेर चांगली गाडीही बाजारातून मागे हटते. गॅरेजविषयी आपण सर्वजण असाच विचार करतो: मिस्त्रीला कळते, आपल्याला कळत नाही, म्हणून आपण दुबळे. पण हे अर्धेच सत्य आहे. यंत्र कसे चालते हे मिस्त्रीला ठाऊक असते. ते कोठून कोठून चालले आहे हे केवळ मालकाला ठाऊक असते. अज्ञान दोन्ही बाजूंना आहे आणि दोघेही एकमेकांच्या शब्दावर जगतात. आम्ही चार वर्षे मिस्त्रींची पारख करीत होतो. आमची पारख करण्याचा हक्क त्यांनाही आहे, हे आमच्या डोक्यातच आले नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी सत्यकथनाला एका प्रकारचे देणे म्हटले आहे. माणूस समाजात राहणारा प्राणी आहे आणि एकमेकांचा शब्द खरा धरल्याशिवाय माणसांना एकत्र जगता येणार नाही. म्हणून सत्य हे आपण दुसऱ्याला देणे लागतो. गॅरेजमध्ये बिल चुकते केले म्हणजे देणे फिटले असे आम्हांस वाटे. खरे पाहता पैशाहून मोठे देणे बाकी राहिले होते.

तरीही मिस्त्रींच्या त्या वाक्यातला प्रश्न उरतोच. त्यांनी आमच्या शब्दावर जाऊन चूक केली का? विश्वास म्हणजे तपासणी न करणे, असे आपण सहसा समजतो. कोणी आपल्यासमोर नोटा मोजून घेतल्या तर आपल्याला अपमान वाटतो. या समजुतीत धोका आहे. ब्रिटिश तत्त्वचिंतक ओनोरा ओनील यांनी २००२ साली बीबीसीवर दिलेल्या व्याख्यानमालेत विश्वासाचा हाच प्रश्न घेतला होता. सरसकट विश्वास ठेवणे हा काही सद्गुण नव्हे. तो विचारपूर्वक, विचारपूस करून, योग्य ठिकाणी ठेवता आला पाहिजे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. आम्हांस तो पटतो. जो आपल्याला प्रश्न विचारू देतो, जुना भाग दाखवतो, वही उघडून ठेवतो, त्याच्यावर विश्वास ठेवण्यास आधार असतो. मग मालकानेही आपल्याला तपासू दिले पाहिजे. प्लग उघडून पाहणारा मिस्त्री आमच्यावर संशय घेत नाही. आम्ही विसरलो असू, घाबरलो असू किंवा लाजलो असू, त्यापासून तो आमचेच रक्षण करतो. माणूस दुर्बल आहे हे ध्यानात घेऊन केलेली तपासणी ही मैत्रीच असू शकते.

राहिला प्रश्न भरपाईचा. चोरलेली वस्तू परत करावी लागते हे आपण लहानपणी शिकतो; दुसऱ्याचे नाव घेतले असेल तर तेही परत करावे लागते, हे शिकूनही विसरतो. आम्ही भावाला बरोबर घेऊन चारही घरी गेलो आणि चूक आमची होती हे सांगितले. चुलतभावाने टेम्पो पुन्हा मिस्त्रींकडे आणला. शेजारी मात्र हसून म्हणाले, "जाऊ द्या सर, मेकॅनिक सगळे सारखेच." आम्ही पुष्कळ समजावले. त्यांची गाडी अजूनही दुसरीकडेच जाते. आमच्या खोट्याला त्यांच्या मनात आधीपासून जागा तयार होती. खऱ्याला ती मिळाली नाही. बेअरिंग तीन दिवसांत बदलले. हे नुकसान अद्याप भरून आलेले नाही आणि ते भरून येईल अशी खात्री आम्हांस नाही.

वाचकांपैकी काही जण स्वतःची गाडी घेऊन दूरच्या प्रवासाला जात असतील. भरवशाचा मिस्त्री कसा ओळखावा, असे ते विचारतील तर आम्ही वर सांगितलेल्या खुणा सांगू: आधी लहान काम द्यावे, तो ऐकतो का पाहावे, 'मला येत नाही' असे म्हणतो का पाहावे. आणि मग एक पुस्ती जोडू. तो आपल्याला प्रश्न विचारील तेव्हा आपण काय उत्तर देतो, तेही पाहावे.

आमच्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात आता आमचीही एक वही असते. गाडी कोठे नेली, किती पाण्यातून काढली, कोठे आदळली, हे आम्ही तीत लिहितो आणि कामाच्या वेळी मिस्त्रींपुढे ठेवतो. गेल्या खेपेस निघण्यापूर्वी त्यांनी ती वाचली. पाण्याची नोंद नव्हती. तरी विचारले, "पाण्यातून काढली नाही ना, सर?" आम्ही नाही म्हणालो. त्यांनी पाना घेतला, गाडीखाली सरकले आणि प्लग उघडला. बोटावर ऑइल घेऊन उजेडात पाहिले. ते स्वच्छ होते.

"ठीक आहे," ते म्हणाले, आणि प्लग पुन्हा आवळला.